बेग पाहिजे का तड?

…आणि वर मेस्त्री मलाच म्हणतोय, "आप्पा, तुमी सांगितलासा तसंच केलोय की!" आता बोला! घात झाला हो, घाटात घात!

तुमास्नी सांगतो, आमची गाडी जुनी, पण गिअर आपोआप पडणारी. आता झालं काय, नातू झाला आणि नावावरनं आमचे निपाणीचे व्याही मारुतीराव अडून बसले. मला पाहिजे रवळू, आमच्या आज्ज्याचं नाव. त्यांस्नी पाहिजे रविराज. नाकातनं बोलत्यात, "रवळू म्हटलं की शाळेत पोरं हसतील हो परशरामआप्पा!" हसू देत की! मी काय कमी हसवलोय लोकांस्नी? मी म्हटलो, "बारशाला तुमास्नी आमच्याकडं न्यायला मी निपाणीला येतो. तिथनं दोघं दोन गाड्यांनी निघू. वाटेतला तवंदीचा घाट जो आधी चढंल, त्येचं नाव!" गडी तयार!

लगेच मच्छे गावाला गेलो, आण्णाप्पा मेस्त्रीकडं. म्हटलो, गाडी उडाली पाहिजे. त्येनं बॉनेट उघडून गिअरबॉक्सात जाणारी एक केबल दावली, म्हटला ही ताणली न्हायतर सैल सोडली की गिअर कवा बदलायचा ते बदलतंय. आणि इचारला, "गेर बेग बेको, तड बेको?" बेको म्हंजे पाहिजे, बेग म्हंजे लवकर, तड म्हंजे उशिरा, एवढं कन्नड मला झोपेत पण येतंय! आता मला सांगा, शर्यतीला निघालेला माणूस उशीर मागंल व्हय? छाती फुगवून सांगितलो, "बेग! भाळ बेग, लई लवकर!" त्यो बघतच बसला. "खरेनरी, आप्पा?" मी म्हटलो, "खरे खरे, कर!"

बारशादिवशी मी न् आमची बायको यशोदाबाई निपाणीला गेलतो. व्याह्यांच्याच घरात, व्याह्यांस्नीच आग्रह करकरून सात पुरणपोळ्या चारलो. पोट जड झालं की ॲक्सिलेटरवरचा पाय हलका पडतोय, न्हाय का? निघालो… आणि घात झाला हो, घाटात घात! चढ लागला न्हाय तोवर गाडीनं वरचा गिअर टाकला. जोर धरायच्या आत पुन्हा बदलला! म्हाताऱ्यानं खाटेवरनं पाय खाली टेकला न्हाय तोवर त्येला "पळ" म्हणावं, तसं! घुर्र… घुर्र… सात पोळ्यांसकट व्याही पुढं गेले. ते जाऊ देत, उसाचा ट्रॅक्टर पुढं गेला! आणि वरनं त्यो ड्रायव्हर वाकून म्हणतोय, "आप्पा, दोर टाकू काय?" शेजारी यशोदाबाई पदर तोंडाला लावून बसलेली. मला वाटलं, रडतीया बिचारी.

दुसऱ्या दिवशी आण्णाप्पाच्या छाताडावर जाऊन बसलो. त्यो थंड. "आप्पा, वरचा गेर उशिरा पडला की गाडी जोर धरती. लवकर पडला की पेट्रोल वाचतंय, पण गाडी मरगळती. तुमी बेग मागितलासा, बेग दिलो."

"आरं, मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"शंका आलती की! म्हणून घरी फोन केलो. आक्का म्हटल्या, 'आप्पा म्हणत्यात तसंच कर. उलट आणखी जरा बेग कर.'"

आक्का! म्हंजे यशोदाबाई! तुमास्नी सांगतो, हिचं माहेर सगळं कन्नड आणि भाऊ बसचा ड्रायव्हर. बेग म्हंजे काय आणि गिअर म्हंजे काय, दोन्ही हिला माझ्यापेक्षा जास्त कळतंय! घात झाला हो, घाटात न्हाय, घरात घात!

तसाच घरी आलो. "व्हय गं, तूच केलीस?"

भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणती, "मग? त्या रवळूचा एक नातू चाळीस वर्सं सांभाळतोय मी. पुन्हा दुसरा रवळू पाळण्यात घालू?"

पोरगं झालं रविराज. हाक मारली की माझ्याकडं बघून हसतंय पण.

परवा गेलतो मच्छ्याला, म्हटलो, आण्णाप्पा, केबल ताणून दे बाबा, तड पाहिजे, तड! त्येनं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हटला, "तुमी तिकडं बाकड्यावर बसा आप्पा. आधी आक्कास्नी फोन लावा."

…दिलो लावून.