स्टेरिंगवरचा गेर

कायले मले बोलतं करता रे? चहा पाजला म्हणून सांगून राहिलो, नाहीतर सांगण्यासारखं काही नाही त्यात.

मायी जुनी अँबॅसिडर तुम्ही पाहिलीच आहे. तिचा गेर स्टेरिंगले. आंब्यावरून पडलो तवापासून माया डाव्या हातात जोर नाही. म्हणून मी क्लच दाबून "दुसरा" म्हणायचो अन् बाजूले बसलेली बायको दांडी ओढायची. सारा गाव हासे.

बायकोचा भाऊ भोजराज गोंदियाले मेकॅनिक आहे. तो म्हणला, "भाऊजी, दुसरा गेरबॉक्स टाकून देतो. दांडी खाली येईल, बोटानं गेर पडन."

त्यानं मागची चाकं फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला अन् गेरचा नवा डबा बसवला. काम चांगलं केलं, खोटं कायले बोलू?

दुसऱ्या दिवशी दवनीवाड्याले निघालो, तर बायको मागच्या सीटवर.

"तिकडे काऊन बसली वो?"

"पुढं आता मायं काय काम?"

दवनीवाडा येतवरी मी सवयीनं "दुसरा" म्हणत होतो, अन् स्वतःच टाकत होतो.

तिथून गाडी सरळ साळ्याच्या गॅरेजात नेली. म्हणलं, "जुना डबा बसव." कापलेला शाफ्ट पुन्हा जोडावा लागला, म्हणून तो भडकला. भर गिऱ्हाइकांसमोर मले म्हणला, "तुमाले गाडीतलं काही समजत नाही!" मी चाळीस वर्षं गाडी चालवून राहिलो!

बाई तवा पुढच्या सीटवर जाऊन बसलीही होती.

माफी अजून मागितली नाही त्यानं. त्या भोजराजनं.