पंचामृत प्यालेली मोटार

मंडळी, ऐका! कथेआधी एक प्रश्न. घाईनं माना हलवू नका, प्रश्न अवघड आहे. वडिलांनी मागं ठेवलेल्या वस्तूचा मान कशात? तिला झाकून हार घालण्यात, की तिला कामाला लावण्यात? पुढं बसलेले अण्णा म्हणतायत, "दोन्हीत!" वा अण्णा! भांडण टाळायची युक्ती चांगली आहे, पण आज चालायची नाही!

तर, कऱ्हेकाठी बोरसळ नावाचं गाव. तिथले इनामदार आबासाहेब पाटणकर. इनाम गेलं, नाव राहिलं! आणि राहिल्या दोन गोष्टी. एक, अंजिराची बाग. ती त्यांच्या पत्नीनं, आक्कासाहेबांनी, घागरीनं पाणी घालून जगवलेली. लेकी सासरी गेल्या, घर रिकामं झालं, आता ती झाडंच त्यांची लेकरं! आणि दुसरी, वडिलांची मोटार! कशी मोटार? उघडी! वर कापडी टप, पितळी भोंगा, मागं ऐसपैस गादी! वडील गेले, तेव्हापासून बावीस वर्षं पागेत उभी. चालत नव्हती हो! पण दसऱ्याला थाट बघावा! अंघोळ, झेंडूचा हार, नारळ. आणि मग आबासाहेब पुढची पाण्याची टाकी उघडायचे अन् तिच्यात पंचामृताचा अभिषेक! दूध, दही, तूप, मध, साखर! गावाला पळीभर, मोटारीला तांब्याभर! हसू नका. भाव खरा होता त्यांचा. डोळे भरून यायचे.

आता अंजीर म्हणजे काय? लहान लेकराचा गाल! जरा दाबला की रडलंच! बैलगाडीनं खडखडत बाजार गाठेपर्यंत अर्ध्या पाट्यांचा लगदा. शेवटी व्यापाऱ्यानं निरोप धाडला, "माल गोड आहे, पण आम्हाला अंजीर पाहिजे, मुरंबा नको. पुन्हा पाठवू नका!"

आबासाहेब म्हणाले, "संपलं. बाग तोडू, ज्वारी लावू. ज्वारी काही दचक्यानं फुटत नाही."

आक्कासाहेब पदर खोचून उभ्या राहिल्या. "अहो, तोडायचंच असेल तर एक काय ते ठरवा. माझी बाग तोडा, नाहीतर ती मोटार कापा!"

"मोटार? वडिलांची?" हातातला विडा हातातच राहिला! "त्यापेक्षा माझा हात कापा!"

"हात कापला तर पाट्या कोण उचलणार? मागचा भाग काढायचा, फळ्या ठोकायच्या, माल वाहायचा. तालुक्याच्या इब्राहिम मिस्त्रीला विचारलंय मी."

"विचारलंय?"

"उद्या येतोय!"

बायका नवऱ्याचा सल्ला घेतात, मंडळी. पण कधी? सगळं ठरल्यावर!

मिस्त्री आला. मोटारीला हात लावून आधी कपाळाला लावला, मग खाली शिरला. खालूनच ओरडला, "आबासाहेब, चाकांवरच्या ह्या दचके सोसणाऱ्या कमानी काय मऊ आहेत! गादीवर बसणाऱ्यांसाठी केलेल्या. मालट्रकला असल्या मिळायच्या नाहीत. अंजिराला ह्याच पाहिजेत!" बाहेर आला, टाकीचं झाकण उघडलं आणि तीन पावलं मागं! आत दह्यातुपाचा दगड झालेला! मुंग्यांचं गाव वसलेलं!

"आबासाहेब, हिच्यात काय घालत होता?"

"पंचामृत."

"किती वर्षं?"

"बावीस."

मिस्त्रीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "देव भावाचा भुकेला असेल, आबासाहेब. इंजिनाला साधं पाणी लागतं!"

सांगा मला, मोटार मारली कुणी? गंजानं? उंदरांनी? छे! भक्तानं मारली!

चार दिवस सोड्याच्या गरम पाण्यानं टाकी धुतली. चाकं दुसरी आणली, इंजिन खोलून चालू केलं. पाचव्या दिवशी मिस्त्रीनं करवत टेकवली. आबासाहेब पाठ फिरवून उभे. खर्रर्र!

"थांब! थांब म्हणतो ना!" आबासाहेब धावले. "मागची गादी... ती मी काढतो. तिथं वडील बसायचे."

गादी उचलली. खाली काय निघालं असेल? मोहरा? दागिने? अहो, कांद्याची टरफलं! पेंडीचे खडे! आणि गोणपाटात गुंडाळलेलं अंजिराचं एक वाळकं रोप!

आबासाहेबांनी रोप उचललं. "हे कुणी ठेवलं इथं?"

आक्कासाहेब हळूच म्हणाल्या, "मामंजींनी. बागेची पहिली रोपं त्यांनीच आणली, याच मोटारीतून. मी म्हटलं, मामंजी, गादी खराब होईल. तर म्हणाले, सूनबाई, गादी पुसता येते. रोपं वाळली तर काय पुसणार?"

"मला कधी बोलला नाहीत?"

"कधी बोलणार? आपण अभिषेकात असायचात!"

आबासाहेब रडले हो. मनापासून रडले. मग डोळे पुसले, हात पुढं केला. "मिस्त्री, करवत इकडं द्या."

वडिलांची मोटार मुलानं कापली! घरच्या झोपाळ्याच्या सागवानी फळ्या मागं ठोकल्या. त्यावर गवत, गवतावर चाळीस पाट्या. पितळी भोंगा वाजवत गाडी बाजारात! एकही अंजीर फुटलं नाही! नाही, खोटं कशाला बोलू? दोन फुटली. ती आबासाहेबांनी वाटेत खाल्ली! व्यापाऱ्यानं पाटीवरचं पान उचललं आणि म्हणाला, "उद्या पुन्हा आणा." आक्कासाहेबांची बाग राहिली.

पुढच्या दसऱ्याला हार घातला, नारळ फोडला, टाकी उघडली आणि तांब्याभर स्वच्छ पाणी! पंचामृत कुणाला? पाट्या उचलणाऱ्या गड्यांना!

आता तुमच्याकडे वळतो. माळ्यावरचा तो मोठा हंडा. कपाटातला शालू. "आजोबांचा आहे" म्हणून कुणाला हात लावू न दिलेला तबला! आणि तुमचा गोड गळा, जो वर्षातून एकदा सप्ताहात उघडतो. कुणाकुणाच्या टाकीत पंचामृत ओतताय?

थांबा, मीही सुटत नाही. माझ्या घरी सत्काराच्या एक्केचाळीस शाली घडी घालून ठेवल्यात. डांबराच्या गोळ्या घालून! काढून बघतो, पुन्हा ठेवतो. बेचाळिसावी मघाशी तुम्ही माझ्या खांद्यावर घातलीत. आणि तिकडं दाराशी चंद्राकाकू बसल्यात, आपल्या सगळ्यांच्या चपला सांभाळत. वारं थेट त्यांच्या अंगावर येतंय. मी तासभर बघतोय आणि तासभर बोलतोच आहे!

काकू, उठू नका. मीच येतो.

टाळ वाजवा, मंडळी. माझे हात शालीत गुंतलेत.