पूर्ण पत्त्यासकट

तुम्ही सगळ्या मला सांगता, तक्रार करायची होतीस. अगं, केली होती ना मी!

दुष्काळातली गोष्ट. लातूर जिल्ह्यात एका गावाला ग्रामसेविका होते, गावाचं नाव नका विचारू. टँकरच्या पाठीवर तक्रारीसाठी म्हणून माझाच मोबाईल नंबर रंगवलेला. पाण्यापायी लोक शिव्या द्यायचे, त्याचं काही वाटायचं न्हाई. पण एक जण रोज फोन करायचा आणि पाण्याचं सोडून सगळं बोलायचा. लई घाण.

शेवटी ठाण्यात गेले. हवालदारानं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. नाव, नंबर, घराचा पत्ता, सगळं. चार दिवसांनी म्हणाला, "सापडला मॅडम. समज दिली त्याला."

"कोण हाय?"

"ते सांगता येत न्हाई. त्याची खाजगी माहिती हाय ती."

म्हटलं, जाऊ दे. फोन तरी थांबतील.

तिसऱ्या दिवशी तोच आवाज. "विहाराच्या मागं राहता व्हय मॅडम? अर्ज छान लिहिलाय." आणि माझा अर्ज त्यानं मलाच वाचून दाखवला!

तशीच ठाण्यात गेले. हवालदार एकदम शांत. "त्याच्यावर आरोप केलाय म्हणल्यावर प्रत द्यावीच लागते त्याला. तुम्ही नंबर बदला की."

"नंबर बदलते हो. घर कसं बदलू? उद्या दारात आला तर?"

त्यानं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

"आला तर नवा अर्ज द्या. पूर्ण पत्त्यासकट."