डेलावेअरचा स्टिकर

(आयोवातलं एक गाव. घरासमोर जुनी कॅम्पर गाडी उभी आहे. तिच्या दारावर अमेरिकेचा नकाशा आणि पाहून झालेल्या प्रत्येक राज्यावर रंगीत स्टिकर. वेंडेल काचा धुतोय. त्याची बायको आर्डिस लोणी लावायच्या सुरीने नकाशा खरवडतेय.)

वेंडेल: अगं, गाडीचं गिऱ्हाईक यायची वेळ झाली आणि तू दार खरवडत काय बसलीस?

आर्डिस: दार नाही. डेलावेअर काढतेय.

वेंडेल: त्याने काय घोडं मारलं तुझं?

आर्डिस: आपण तिथे गेलेलोच नाही.

वेंडेल: वा! मेरीलँडहून न्यू जर्सीला जाताना मी स्वतः गाडी चालवलीय त्यातून.

आर्डिस: तू गेलास. मी ढाराढूर झोपले होते. नियम कुणाचा? तुझाच ना? दोघांनी जागेपणी उतरायचं, तिथलं काहीतरी खायचं, मगच स्टिकर लावायचा.

वेंडेल: एवढंसं राज्य ते. तुझं घोरणं संपायच्या आत संपलं.

आर्डिस: बघ, तूच कबूल केलंस!

वेंडेल: असं म्हटलं तर कॅन्सससुद्धा काढ. तिथे काय पाहिलं आपण? गारा.

आर्डिस: कॅन्सस राहू दे हं. बाहेर गारा आपल्या गाडीचं छप्पर बडवत होत्या आणि हा गडी हॉटेलात बसून अजून सिरप मागत होता.

वेंडेल: पॅनकेक गार होत होते.

आर्डिस: आणि लुईझियाना? ते क्रॉफिश झिंगे टरफलासकट चावलेस. वाढणाऱ्या बाईने छातीवर क्रूसाची खूण केली!

वेंडेल: सोलायचं असतं हे कुणी सांगितलं होतं? आपण मक्याच्या मुलखातली माणसं.

आर्डिस: मेनमध्ये मात्र शहाणा झालास. मी खाल्ल्याशिवाय लॉबस्टरला हात लावला नाहीस.

वेंडेल: मेली असतीस तर कळलं असतं ना, खायचं की नाही. बरं, पुरे आता. नकाशा भरला, काम झालं. पोरगीही म्हणतेय, विकून टाका.

आर्डिस: पोरीच्या सांगण्यावरून तू आजवर फाटका मोजा तरी टाकलास का? खरं कारण वेगळंच आहे. टेनेसीच्या घाटात मध्येच गाडी बाजूला घेतलीस. म्हणालास, देखावा बघू. धुक्यात कसला देखावा रे?

वेंडेल: ...अंधारून आलं की रस्त्यावरच्या रेघा दिसत नाहीत मला. आणि शेजारी तू असतेस. भीती वाटते.

आर्डिस: हे मला कधी सांगणार होतास?

वेंडेल: गाडी विकल्यावर.

आर्डिस: शहाणाच आहेस! मी चालवते की.

वेंडेल: तू? शेजाऱ्यांची टपालपेटी कुणी आडवी केली?

आर्डिस: ती मागे घेताना. डेलावेअरला पुढे जायचंय. वेंडेल, मला अजून फिरायचंय रे. घरात तू टीव्हीशी बोलतोस. गाडीत माझ्याशी बोलतोस.

(वेंडेल पुन्हा काच पुसू लागतो. फाटकाशी एक बाई येते.)

आर्डिस: आली वाटतं ती गाडी बघायला. बोल आता काय ते.

लोरेटा: हॅलो! मी लोरेटा टॉलिव्हर, फोन केला होता ना, गाडी बघायला येते म्हणून. अरे वा, छान ठेवलीय की. एवढी राज्यं फिरलात? मग हे एकच कोरं कसं?

वेंडेल: तिथे... तिथे अजून गेलो नाही आम्ही.

लोरेटा: अजून? म्हणजे विकायची नाही का?

वेंडेल: विकायची आहे. पण जाऊन आल्यावर. माफ करा हं, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला.

लोरेटा: असू दे हो. परत कधी येणार तुम्ही?

वेंडेल: ते हिला विचारा. गाडी ही चालवणार आहे.