वाघानं नेलेली बकरी

पन वाघानं नेलेली बकरी तिसऱ्या रोजी घरी परत येतेच कशी, सांगा ना मास्तर? — नाही नाही, तो पेपर ठेवा खाली, तो पुड्याचा नोहोय. पुड्याचा गठ्ठा हा इकडे हाय. तुमचे फुटाने याच्यात बांधतो, मीठ-तिखट लावून देतो — यवतमाळची बस अजून अर्धा घंटा येत नाही, न आली तरी डायवर पह्यले च्या पेते, मंग गाडी हालते. बसा. तो पेपर म्या दगडाखाली उगाच नाही ठेवला. आठ महिने झाले त्याले. एकाच दिवसाचा हाय. मोठे अक्षरं मले वाचता येते, पाहा — "वाघाने नेलेली बकरी तिसऱ्या दिवशी परत". येवढं येते. खालचे बारके, मुंग्यावानी, ते नाही येत. काहून नाही येत? अहो, दादानं तेवढंच शिकवलं. म्हने, उकंड्या, औंदा मोठे अक्षरं, पुढच्या साली बारके. आता पुढच्या साली कोन शिकवते?

हसा, हसा, उकंडा नाव ऐकून सारेच हसते. दादाच्या पाठचे दोन लेकरं जगले नाही, म्हनून मायनं मले जल्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, उचललं न हे नाव देलं. मरनाले वाटावं, हा कचराच हाय, कायले न्या! फसलं ना ते — राह्यलो मी. दादाचं नाव मात्र चांगलं ठेवलं होतं, डोमाजी — जाऊ द्या. फुटाने कुरकुरीत हाय का नाही? आजचेच हाय.

त इथं घाटंजीच्या जिनात, सरकीच्या ढिगामागं लिंब हाय, तिथं आमची जेवनाची सुट्टी होये. दादा हमाल — कापसाचं बोचकं एका दमात पाठीवर घे — पन नाकावर चष्मा! चष्मावाला हमाल तुमी कुठं पाह्यला काय? मुनीमले नव्हता न हमालाले होता. छप्पनच्या साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला न तवापासून हे पेपराचं याड लागलं. तिसरीपावतर शाळा, बाकी सारं पेपरानं शिकवलं. चष्माबी बाजारातून जुना घेतलेला, कोनाच्या डोयाचा होता कोन जाने, एक काडी तुटकी, तिथं सुतळी. ऑफिसातला शिळा पेपर दुसऱ्या रोजी त्याच्या हाती ये. न वाचाची तऱ्हा आयका — मथळा वाचे, पेपर मांडीवर पालथा घाले न म्हने, सांगा गड्याहो, आत काय असन? ज्याचं बरोबर निंगालं त्याले दादाची अर्धी बिडी. मंग चालले साऱ्यायचे घोडे! बिजलीबाई त बिडीसाठी अशा गोष्टी रचे का पेपरवाल्यानं तिले पगार द्यावा.

आता हाच दिवस घ्या ना. "पुलाचे उद्घाटन थाटात, पूल पुढील वर्षी". कांताबाई म्हने, अवं माय, मंग फीत कापनारा उभा कायवर होता? दादा म्हने, भाषनावर! दुसरं, "सभामंडपात रेडा शिरला; ठराव एकमताने मंजूर". बिजलीबाई म्हने, पह्यला हात रेड्यानंच वर केला असन. दादा म्हने, नाही बाई, तो अध्यक्ष होता. तिसरं पाहा, "बाजारात किलोची मापे, गिऱ्हाइकांत गोंधळ". फाटकावरचा उत्तमसिंग म्हने, हे काय वाचाचं, माही बायको शेर मांगते न दुकानदार किलो देते, मी मधात उभा, तोच गोंधळ! अन् दादा असा हासे, मास्तर, का चष्मा जेवनाच्या डब्यात पडे, कालवनातून काढून सदऱ्याले पुसे —

काय म्हनता? सारं जसंच्या तसं कसं ध्यानात राह्यलं? — राह्यलं म्हंजे — आता तुमाले काय सांगू. त्या दिवशी हे काहीच झालं नाही. कांताबाई नाही, बिजलीबाई नाही, लिंब नाही. हे मी बसल्या-बसल्या जोडतो. हे म्हनले असते, ते म्हनले असते. त्या दिवशी दादा घरी बाजेवर होता. तापाचा नववा दिवस. पेपरासाठी जीव टाकून राह्यला म्हनून म्याच ऑफिसातून मांगून आनला. चष्मा लावला त्यानं, हे चार मथळे वाचले, चारातच दम भरला. तरी पेपर छातीवर पालथा घातला न म्हने, सांग उकंड्या, बकरी कशी आली असन? मी लेकाचा भडकू! म्हनलं, मले काय मालूम, जाय, बकरीलेच विचार! इथं तुले श्वास घेता येत नाही न बकऱ्या कायच्या सुचून राह्यल्या! न सायकल उचलली, गेलो डॉक्टरच्या मागं. निंगता निंगता मागून म्हनला, बरं, बाकीचं उद्या वाचू. — डॉक्टर आला, सुई देली, गेला. दिस निंगाले उद्या आला, पन दादा —

तिसऱ्या रोजी मी दिवसभर उंबऱ्यात बसून होतो. कायले? बसलो होतो. पेपरात छापून आलतं ना, तिसऱ्या दिवशी.

जिन सोडलं मंग म्या. हे फुटाने बरे. न आठ महिन्यात कोनी वाचून नाही देलं असं नाही हो. पोस्टमन बसला होता वाचाले, म्या त्याच्या हातातून हिसकून घेतला. कंडक्टरचं तसंच केलं. काहून म्हंजे? कोनं वाचून दाखवलं म्हंजे दादाचं बाकीचं सरलं ना. तो उद्या म्हनला होता — अरे अरे, तुमी त वाचूनच राह्यले! मास्तर! — बरं. वाचा. पन मनात वाचा, ओठ हालवू नका — हां — हसले! पाह्यलं म्या, मिशीतल्या मिशीत हसले. म्हंजे गमतीचंच हाय आत. बस, पुरे, द्या इकडे. सांगू नका. दादा हासला असता, येवढं समजलं मले.

मले काय वाटते माहीत हाय? बकरीचं तोंडच बंद नसन होत. रानात नेली तरी में-में, धरली तरी में-में, वाघ कटाळला न म्हने, जाय माय तुह्या घरी. हाय ना अर्ध्या बिडीचं उत्तर? पन त्या दिवशी सुचलं नाही, माती द्याच्या येळी सुचलं. पंचफुला वैनी त अजून चष्मा शोधून राह्यली दादाचा. तिचा सारा वहीम शेजारच्या इंदूबाईवर, आठ महिन्यापासून दोघीचं बोलनं बंद, न इंदूबाई बिचारीनं त काहीच — हे कायले निंगालं माह्या तोंडातून! उठा मास्तर, उठा, बस आली, डायवर आज च्या नाही पेत वाटते. पुडी घ्या. अन् वैनीले नका सांगू. खड्ड्यात मीच उतरलो होतो, लोकायले वाटलं रडून राह्यला, म्या तोंडावरचा कपडा सारला, चष्मा ठेवला नाकावर, सुतळी कानामागं अडकवली, न कानात म्हनलं, दादा, थांबू नको, मोठ्यानं वाचत राय, कटाळून सोडते तो.