ओल्या जमिनीवर चालवू नये

सून: नाही हो आई, बॅटरी नाही गेलेली. बॅटरी ठणठणीत आहे. बटण दाबलं की घुर्र करतो, लाल दिवा लुकलुकतो आणि गप्प होतो. म्हणजे आत हवा अडकतेय कुठेतरी. तुम्ही फक्त हा कागद खाली नीट धरा, मी डबा उघडते.

सासू: धरलाय. पण आधी दोन घास खाऊन घे. ऑफिसातून आलीस ती तशीच फतकल मारून बसलीस. व्हॅक्यूम काही पळून जात नाही.

सून: आज नाही केलं तर राहूनच जाईल. उद्या सकाळी तुम्हाला गाडीवर सोडायचं, मग माझ्या मीटिंगा सुरू. सगळीकडे धूळ साठलीय. तुमच्या मुलाला म्हटलं जरा बघ, तर म्हणे तुझ्याच केसांनी चोंदलाय. दर वेळी मेले माझेच केस. मानेपर्यंत कापले तरी माझेच.

सासू: तो लहानपणापासून तसाच. स्वतःचं काही हरवलं की दुसऱ्याच्या दप्तरात शोधायचा.

सून: आई, कागद जरा पुढे. अजून. शी, हे काय आहे?

सासू: काय झालं?

सून: धूळ कोरडी असते हो. हा नुसता चिखल आहे. तळाला लगदा बसलाय बघा. वास तर असा येतोय, ओलं फडकं कोंडून ठेवावं तसा. कुणीतरी ह्याने पाणी ओढलंय.

सासू: पाणी कोण ओढेल?

सून: तेच म्हणते मी. दांड्यावर चित्र काढलंय ठसठशीत, नळाचं, आणि वर फुली. ओल्या जमिनीवर चालवू नये. चष्मा नसला तरी दिसेल. आणि हा फिल्टर. पांढरा असतो हा, काळा ठिक्कर पडलाय.

सासू: धुऊन निघेल का?

सून: गार पाण्याखाली धरायचा. साबण नाही, ब्रश नाही, पिळायचाही नाही. नुसता झटकायचा आणि उघड्यावर पूर्ण वाळू द्यायचा. ओला बसवला की मोटर गेलीच म्हणून समजा.

सासू: मोटर आताच गेली असेल का गं?

सून: आत्ता कसं सांगू? सगळं सुकल्यावर कळेल. पण मला माहितेय हे कुणाचं काम आहे. मावशींचं. भांडी झाली की मागे लागतात, मीच मशीन फिरवते, मीच मशीन फिरवते. मी बजावून सांगितलंय हात लावू नका म्हणून. पोछा मारल्या मारल्या ओल्या फरशीवर फिरवला असणार. उद्या येऊ देत, बोलतेच त्यांना.

सासू: तिला नको बोलूस.

सून: का नको? नुकसान करायचं आणि वर गप्प राहायचं.

सासू: तिने नाही केलं.

सून: तुम्ही नेहमी त्यांना पाठीशी घालता, आई. तुम्हाला काय माहीत?

सासू: माहीत आहे म्हणून सांगते. मी केलं.

सून: तुम्ही?

सासू: बाथरूममध्ये फिरवायचे. तुम्ही दोघं बाहेर पडलात की.

सून: बाथरूममध्ये? विजेवर चार्ज होणारी वस्तू आहे ती, आई. काही झालं असतं म्हणजे? आणि तिथे वायपर आहे, झाडू आहे. ह्याचं काय काम होतं तिथे?

सासू: वायपरला केस येत नाहीत. फरशीला चिकटून बसतात, जाळीत गुंडाळतात. हाताने उचलायचे तर कंबर वाकत नाही माझी. ह्याला दांडा आहे, उभ्या उभ्या होतं. पहिल्यांदा छान ओढले त्याने. मग दिवसेंदिवस कण्हायला लागला.

सून: थांबा, पुढचा रोलर काढते. कात्री द्या ती. अडकलाय पार. आई, हे तर… हे पांढरे आहेत.

सासू: माझेच आहेत ते. काप आणि टाक. बघत नको बसूस.

सून: एवढे? दोन्ही टोकांपर्यंत गच्च बसलेत. एवढे केस जातायत तुमचे? म्हणून डोक्याला रुमाल बांधता? मला म्हणालात कानाला वारं लागतं.

सासू: वारंही लागतंच.

सून: कधीपासून?

सासू: तो मोठा ताप येऊन गेला ना, त्याच्यानंतर. आधी कंगव्यात यायचे. मग उशीवर. आता नुसता हात फिरवला तरी मूठ भरते.

सून: आणि आम्हाला सांगायचं नाही? एका घरात राहतो आपण. एवढं लपवण्यासारखं काय होतं त्यात?

सासू: तुला त्रास नको म्हणून.

सून: मला कसला त्रास?

सासू: राहू दे. दे तो डबा इकडे, पुसून ठेवते.

सून: राहू दे नाही. मला कसला त्रास होणार होता, सांगा ना.

सासू: हे बघ, माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावून लोकांची भांडणं जोडून दिली, सोयरिकी जोडून दिल्या. ऐकलेलं तिथेच सोडून घरी यायचं, हा पहिला नियम. तोंडातून एक शब्द बाहेर गेला तर नोकरी गेली. सवय लागलीय ती. आता मोडायला लावू नकोस.

सून: म्हणजे तुम्ही काहीतरी ऐकलंत. माझं?

सासू: तू गॅलरीत होतीस. तुझ्या ताईशी बोलत होतीस फोनवर. माझी खिडकी उघडी होती, एवढंच. मुद्दाम नाही ऐकलं.

सून: तेव्हाचं होय. ते मी नुसतं पाण्याचं बोलत होते. पाणी तुंबतं, प्लंबरला बोलवायला हवं, असं.

सासू: पाण्याचंही बोललीस.

सून: वाईट असं काही नाही म्हटलं मी.

सासू: बरं. नाही म्हटलंस.

सून: असं नका ना करू. नुसतं बरं म्हणून सोडून देऊ नका. मी काय म्हटलं ते सांगा.

सासू: सांगितल्यावर परत घेता येणार नाही ते. मलाही नाही आणि तुलाही नाही.

सून: सांगा.

सासू: "ताई, अंघोळीला जायचं म्हटलं तरी किळस येते मला. म्हातारीचे केस साबणाला, म्हातारीचे केस जाळीत, परवा तर ताटात निघाला. चार दिवस लेकीकडे तरी जाईल म्हणावं, तर हलत नाही." मग तू हसलीस. मग ताई काहीतरी म्हणाली, ते नाही कळलं मला. आमच्या एक्स्चेंजमध्ये दोन्ही बाजू ऐकू यायच्या.

सून: आई.

सासू: रडू नकोस. हात बरबटलेत तुझे, डोळ्यांना लावशील.

सून: मी आत्ता तुमच्या तोंडावर खोटं बोलले. पाण्याचं म्हणाले. मला सगळं आठवत होतं. हसलेलंसुद्धा आठवत होतं. मला इतकी लाज वाटतेय, कुठे तोंड लपवू कळत नाही.

सासू: तुला कसली लाज. लाज मला वाटली. आणि शब्दाची म्हणशील तर शब्दाची नाही वाटली. म्हातारी तर म्हातारी, आहेच मी. पण साबणाचं तू खोटं कुठे बोललीस? मी जाऊन पाहिलं ना लगेच. होता केस, वेटोळं घालून बसलेला. आपलं असं काही दुसऱ्याच्या अंगाच्या साबणाला चिकटून राहावं, आणि त्याने ते रोज नखाने काढावं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या दिवशी पहिल्यांदा हा भिंतीवरून उतरवला.

सून: रोज करायचात?

सासू: रोज. आधी बाथरूम, मग माझी खोली, मग जेवायच्या टेबलाखाली. मग परत भिंतीवर लावायचा आणि चार्जिंगचा दिवा हिरवा होईपर्यंत समोर बसून राहायचं. तू आलीस आणि दिवा लाल दिसला, तर विचारशील कुणी वापरला.

सून: आणि मी विचारलंही. मावशींना विचारलं. त्या शपथा घेत होत्या, तरी माझा विश्वास बसला नाही.

सासू: ते ऐकलं मी. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. तिच्याकडे बघायचं टाळते मी हल्ली, चहाचा कपसुद्धा ओट्यावर ठेवून निघून जाते. तुझ्यापेक्षा माझं जास्त चुकलंय तिच्या बाबतीत.

सून: म्हणून निघालात तुम्ही लेकीकडे. मी वेडी, मला वाटलं नातवंडांची आठवण येतेय. किती हौसेने तिकीट काढून दिलं. परतीचं काढू का विचारलं तर म्हणालात बघू.

सासू: तिच्याकडे बरं पडेल. तिच्याकडे साधा झाडू आहे. लांब दांड्याचा आहे आणि आवाज होत नाही.

सून: तिला माहितेय?

सासू: दिसेलच तिला मी पोचल्यावर.

सून: डॉक्टरला दाखवलंत का हो? नाही ना?

सासू: कुणाबरोबर जाऊ? तुझ्या नवऱ्याला सांगू? माझ्या वेणीला धरून उभा राहायला शिकला तो. त्याच्यासमोर रुमाल सोडून बसू?

(फोन वाजू लागतो.)

सासू: ताईचा आहे. घे.

सून: वाजू दे.

सासू: वाजता फोन तसा ठेवू नये. तुझे हात खराब आहेत, मी लावून देते. स्पीकरवर टाकते आणि आत जाते.

सून: आत जाऊ नका. बसा इथेच.

ताई: हॅलो! किती वेळ लावतेस उचलायला. काय मग, भरली का म्हातारीची बॅग? उद्यापासून सुटलीस बाई तू. मी रविवारी येते, दोघी मिळून तुझं ते बाथरूम घासून काढू आणि…

सून: ताई, थांब.

ताई: अगं, चांगलं ॲसिड घेऊन येते मी, बघ कसं…

सून: थांब म्हटलं ना. फोन स्पीकरवर आहे. आई शेजारी बसल्यात.

ताई: अगं बाई. काकू, नमस्कार हं. मी आपली गंमत करत होते. आम्ही बहिणी असंच काहीबाही बोलतो.

सून: गंमत नव्हती ती. आणि शब्द तुझा नाही, माझा आहे. तुझ्या तोंडी मीच घातला. मागच्या वेळी मी जे बोलले ते त्यांनी सगळं ऐकलंय, ताई. तेव्हापासून त्या आमच्यामागे माझं बाथरूम साफ करतायत. कंबर धरून, उभ्या उभ्या, रोज. त्यांचे केस मुठीमुठीने चाललेत आणि मी त्यावर हसले होते. तूही हसलीस.

ताई: अगं, मला काय माहीत? मी आता काय बोलू?

सून: काही नको बोलूस. ठेव.

ताई: काकू, ऐकताय का? चुकलं हं माझं.

सासू: ऐकतेय. ठेवते हं फोन.

सून: आई, जाऊ नका म्हणायला मला तोंड राहिलं नाही. जायचं असेल तर जा. मीच सोडायला येईन. पण माझ्यापासून लपायला म्हणून नका जाऊ. आणि मावशींची माफी मी मागेन सकाळी.

सासू: ती दोघींनी मागायची आहे.

सून: बरं.

सासू: आणि झालं ते विसरून जा, असं मला म्हणू नकोस. नोकरीत विसरायचा पगार मिळायचा.

सून: नाही म्हणत.

सासू: ती तुझ्या ऑफिसपाशी डॉक्टर आहे म्हणाली होतीस ना मागे, कातडीची. बाई आहे ना?

सून: बाईच आहेत. शांत आहेत स्वभावाने.

सासू: सकाळची असते का?

सून: सकाळचीच असते. पण तुमची गाडी…

सासू: गाडी पण सकाळचीच आहे. दोन्ही एका दिवशी व्हायचं नाही.

सून: नाही व्हायचं.

सासू: मग गाडी राहू दे. डॉक्टरकडे तूच चल माझ्याबरोबर. त्याला एवढ्यात सांगू नकोस. आणि आत गेल्यावर मी बोलेन, तू मध्ये बोलू नकोस.