तीन दिवस, तीन डब्या

नाही, पण एका डबीत भागवा म्हणणारे तुम्ही कोण हो? तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं या लॅबच्या खिडकीत बसून हेच ऐकतोय! काल एक वकील आले, रुमालात गुंडाळलेली शौचाची डबी हिरे आणल्यासारखी पुढे सरकवली आणि म्हणाले, "आजच्यातच बघा ना, रोज रोज जमतं का माणसाला?" अहो, जमवायचं! तीन दिवस, तीन डब्या!

कारण हा अमीबा महा बेरकी. आतड्यात चैन असते तोवर हातपाय पसरून हिंडतो, पण दिवस फिरले की खाणं बंद, सगळं आत ओढून घेतो, गोल होतो आणि भोवती कवच बांधून गप्प! मग थंडी येऊ दे, पोटातलं ॲसिड येऊ दे, पठ्ठ्या आत जिवंत! आणि ही कवचं शौचातून रोज बाहेर पडत नाहीत हो... आज नाहीत, उद्या नाहीत, परवा ढिगाने. हे मी शिपायाला सांगितलं, वकिलाला सांगितलं, अख्ख्या गावाला सांगितलं.

आणि घरी? घरी बायको चार महिने पोट धरून बसायची. एकदा लाजत लाजत डबी दिली. मी जेवणाच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शकाखाली एक काच बघितली आणि संध्याकाळी चपला काढता काढता म्हटलं, "काही निघालं नाही, उगाच मनाला लावून घेतेस." ती म्हणाली, "अहो, पण लोकांना तर तुम्ही तीनदा आणायला लावता..." मी म्हटलं, "ते लोकांसाठी गं!" याच तोंडाने बोललो हो! त्यानंतर तिने पोटाचं नाव काढलं नाही. विचारलं की "बरी आहे." आणि मी मूर्ख, खूश! मग ताप, मग यकृतात पू, आणि मोठ्या हॉस्पिटलातला डॉक्टर मलाच विचारतोय, "अमीबा आहे, इतके दिवस तपासलं कसं नाही?" नवव्या दिवशी ती गेली.

महिन्याने तिचं कपाट आवरायला घेतलं. कपड्यांच्या मागे दोन डब्या. कोऱ्या. वर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या, 'दिवस दुसरा', 'दिवस तिसरा'. तयारच ठेवल्या होत्या हो तिने, मी मागेन म्हणून...

काय म्हणता? घरी डबी नाही? ही घ्या लॅबची. माझ्याकडे दोन रिकाम्या आहेत, पण त्या नाही देत मी कुणाला. तीन दिवस, तीन डब्या. चला, पुढे कोण आहे?